ओकचें पिंप आणि डोंगरांतील भट्टी

इसवी सन १८२२ च्या ऑगस्ट महिन्यांत इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथें आला. राज्यावर असलेल्या राजानें स्कॉटलंडच्या भूमीवर पाऊल ठेवल्यास तेव्हां सुमारें पावणेदोनशें वर्षें लोटलीं होतीं. सुप्रसिद्ध कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यानें स्वागताची सर्व सिद्धता केली होती. डोंगरी सरदार आपापल्या कुळांचे रंगीबेरंगी पोशाख चढवून शहरांत जमले होते. या सगळ्या थाटामाटांत राजाच्या खासगी कारभाऱ्यास मात्र एक वेगळीच विवंचना लागून राहिली होती. महाराजांना ग्लेनलिव्हेट खोऱ्यांतील व्हिस्कीखेरीज दुसरी चालत नसे, आणि ती तर डोंगराबाहेर कोठें मिळत नव्हती. कारण उघड होतें. ती चोरटी होती. ती गाळणाऱ्यांच्या मागावर महाराजांच्याच सरकारचे अबकारी शिपाई दऱ्याखोरीं धुंडाळीत होते.

या अडचणींतून वाट निघाली ती स्पे नदीच्या कांठीं रॉथिमर्कस येथें राहणाऱ्या ग्रँट घराण्याच्या तळघरांतून. घरची मुलगी एलिझाबेथ ही त्या वेळीं पंचवीस वर्षांची होती आणि तळघराच्या किल्ल्या तिच्या हातीं असत. वडिलांचा निरोप आला कीं, तूं जपून ठेवलेली व्हिस्की राजवाड्याकडे धाडून दे. मुलीस याचा भारी राग आला, आणि पुढें लिहिलेल्या आठवणींत तिनें तो लपविलाहि नाहीं. ती व्हिस्की पुष्कळ काळ लाकडांत मुरलेली आणि त्यानंतर बुचें न लावतां बाटल्यांत राहिलेली होती. तिचा तिखटपणा पार निघून गेला होता. डोंगरी पक्ष्यांच्या पन्नास जोड्यांसह ती होलिरूड वाड्यावर गेली. महाराज प्रसन्न झाले. पुढें योग्य वेळीं या भेटीची आठवण दरबारांत करून दिली गेली, आणि म्हणूनच आपले वडील जॉन पीटर ग्रँट यांना हिंदुस्थानांतील न्यायाधीशाची जागा मिळाली, असें ही मुलगीच सांगते. ती जागा होती मुंबईच्या सुप्रीम कोर्टांतील.

मुंबईच्या इतिहासांत पुढें चांगल्याच गाजलेल्या एका न्यायमूर्तींची नेमणूक अशा रीतीनें लाकडी पिंपाच्या पोटांतून निघाली. त्या पिंपानें आंतल्या मद्याचें काय केलें, तसल्या पिंपासाठीं लाकूड कसें निवडीत व सिद्ध करीत, आणि ज्यानें ती व्हिस्की आपल्या झोंपडींत गाळली त्याला स्वतःला हा लाभ कां घेतां आला नाहीं, ही हकीकत मद्यास स्पर्श न करणाऱ्यानेंहि ऐकण्यासारखी आहे.

भट्टींतून नुकतेंच उतरलेलें मद्य पाण्यासारखें रंगहीन असतें. सोनेरी किंवा तांबूस रंग, ज्यावरून आज लोक व्हिस्की ओळखतात, तो धान्याचा नव्हे, लाकडाचा. अठराव्या शतकांतील डोंगरी शेतकऱ्याला या रंगाशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. त्याची जमीन हलकी, उन्हाळा आंखूड आणि बाजार दूर. जवाचें पीक आलें तरी तें डोंगर उतरून विकावयास नेणें परवडत नसे. म्हणून तो जवास मोड आणी. दलदलींतून खणून काढलेल्या व वाळविलेल्या पीट नांवाच्या मातीच्या विस्तवावर ते सुकवी. भरडून ऊन पाण्यांत कालवी. तें पाणी आंबलें म्हणजे तांब्याच्या भांड्यांत उकळून त्याची वाफ नागमोडी नळींतून थंड पाण्यांत नेई. पोतेंभर धान्य अशा रीतीनें लहानशा पिंपांत मावे आणि तट्टाच्या पाठीवरून जाई. त्या पैशांतून जमीनदाराचा खंड भागे. जमीनदार हाच बहुधा गांवचा न्यायाधीशहि असल्यामुळें, चोरट्या भट्टीचा आरोपी समोर आला म्हणजे आपला खंड कोठून येतो हें तो सहसा विसरत नसे.

सरकारनें या गृहोद्योगावर जे कायदे केले त्यांचा परिणाम विलक्षण झाला. सखल प्रदेशांतील परवानेदार कारखान्यांवर कर बसे तो भट्टीच्या आकारावर. साहजिकच कारखानदारांनीं उथळ व पसरट भांडीं करविलीं आणि कांहीं मिनिटांत एक घाण काढून दुसरा चढविण्याचा सपाटा लावला. घाईनें गाळलेलें तें मद्य करपट व उग्र निघे. उलट १८१४ सालच्या कायद्यानें डोंगराळ भागांत ५०० गॅलनांहून लहान भट्टीस बंदीच केली. एवढी मोठी भट्टी चालविण्याइतकें धान्यहि त्या खोऱ्यांत पिकत नव्हतें. दोन वर्षांतच ती मर्यादा सरकारला खालीं आणावी लागली. पण तोंवर कायद्याचें मद्य वाईट आणि बेकायदा मद्य चांगलें ही समजूत लोकांत पक्की रुजली होती, आणि ती खोटीहि नव्हती. लहान भांडें, मंद विस्तव आणि घरचें लक्ष, यांचा तो गुण होता.

परंतु घरगुती भट्टीवाल्याजवळ एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे काळ. रात्रींच्या रात्रीं तट्टांचे तांडे माल घेऊन शहरांकडे निघत. माल चार दिवस घरीं राहिला तर खंडाचा हप्ता चुके, आणि चार महिने राहिला तर अबकारी शिपायाच्या हातीं लागे. पिंप घरांत असणें म्हणजे पुरावा घरांत असणें. म्हणून गाळणारा स्वतः पीत असे ती ताजी, पांढरी, घसा जाळणारी व्हिस्की. आणि तीच व्हिस्की जमीनदाराच्या तळघरांत गेली कीं तिला पांच-दहा वर्षें स्वस्थ पडून राहण्याची मुभा मिळे. भट्टी एकच, धान्य एकच. एकीचें नशीब आठवड्याचें, दुसरीचें दशकाचें.

आतां पिंपाकडे वळूं. लाकडी पिंप मद्य मुरविण्यासाठीं निर्माण झालेलें नाहीं. तें झालें वाहतुकीसाठीं. ग्रीक व रोमन लोक द्राक्षासव मातीच्या उभट घागरींत भरून गलबतांवरून नेत. घागर जड, फुटकी आणि उचलण्यास दोन माणसें लागावयाचीं. आल्प्स पर्वताच्या आसपासचे लोक मात्र आपलें आसव लाकडी भांड्यांत भरून त्यांस कडीं घालतात, असें पहिल्या शतकांतील प्लिनी या रोमन ग्रंथकारानें नोंदवून ठेवलें आहे. आणि त्यापूर्वीं स्ट्रॅबोनें तर उत्तर इटलींतील लाकडी भांडीं घरांहून मोठीं असल्याचें सांगितलें आहे. रोम शहरांतील ट्रेजन बादशहाच्या स्तंभावर डॅन्यूब नदीचा जो देखावा कोरला आहे, त्यांत होडींत चढविलेलीं पिंपें आजहि स्पष्ट दिसतात. मधें फुगीर व टोंकांना निमुळतें असें पिंप आडवें केलें म्हणजे तें जमिनीस अगदीं थोड्या जागेवर टेकतें. चार-पांच मणांचें ओझें एकटा माणूस लोटीत नेतो व पाहिजे तिकडे वळवितो. या सोयीपुढें मातीची घागर टिकली नाहीं. मद्यावर लाकडाचा संस्कार होतो ही गोष्ट त्या काळीं फायद्याची नव्हे, निरुपायाची म्हणूनच सोसली जात असेल.

लाकडाची निवड प्रथम झाली ती चवीसाठीं नव्हे, न गळण्यासाठीं. रॉथिमर्कसच्याच उदाहरणानें हें चांगलें समजतें. ग्रँट घराण्याचें उत्पन्न लाकडावर होतें. त्यांच्या अरण्यांतील पाईनचे ओंडके स्पे नदींत सोडून समुद्रापर्यंत वाहवीत नेत, आणि थंडगार पाण्यांत उभे राहून तें काम करणाऱ्या मजुरांना दिवसांतून अनेक वेळां व्हिस्कीचा पेला द्यावा लागे. चारहि बाजूंस असें उंच सरळ लाकूड उभें असतां त्याचीं पिंपें व्हिस्कीसाठीं कां नव्हतीं? पाईनमध्यें राळ असते. तीव्र मद्यार्क ती राळ विरघळवितो आणि मग पेल्यांत धान्याऐवजीं टर्पेंटाईनचा वास येतो. म्हणून पाईनच्या देशांत राहूनहि व्हिस्कीसाठीं पिंप हवें तें ओकचेंच.

ओक हें नांव ऐकून आपल्याकडे कोंकणांतील एखादें कुटुंब आठवावयाचें; पण या वृक्षाचा त्या आडनांवाशीं संबंध नाहीं. हिमालयांत ज्यास बांज म्हणतात तो याच जातीचा. पिंपांच्या कामीं यूरोपांतील दोन व अमेरिकेंतील पांढरा ओक असे तीन प्रकार मुख्य. झाडाच्या गाभ्यापासून सालीपर्यंत चाकाच्या आऱ्यांप्रमाणें किरण गेलेले असतात. ओकमध्यें ते इतर झाडांच्या मानानें फार रुंद व घट्ट. फळी अशी काढावयाची कीं हे किरण तिच्या रुंदीस समांतर यावेत. मग आंतल्या द्रवास बाहेर येण्यास सरळ वाट राहत नाहीं. शिवाय झाड प्रौढ झालें म्हणजे गाभ्यांतील पाणी वाहणाऱ्या नळ्या आंतून आपोआप बुजतात. अमेरिकेंतील तांबड्या ओकमध्यें त्या बुजत नाहींत; त्याचा तुकडा तोंडांत धरून फुंकलें तर दुसऱ्या टोंकास पाण्यांत बुडबुडे येतात. दिसण्यांत दोन्ही लाकडें जवळ जवळ सारखीं, पण एकाचें पिंप होतें व दुसऱ्याची चाळण. पांढऱ्या ओकच्या नळ्या इतक्या पक्क्या बुजलेल्या असतात कीं तो करवतीनेंहि कापतां येतो. यूरोपीय ओक मात्र पाचर ठोकून त्याच्या रेषेबरोबर फोडावाच लागतो. करवतीनें रेषा तुटली कीं पिंप पाझरलेंच. यामुळें ओंडक्याचा जेमतेम पाव भाग फळ्यांच्या उपयोगीं पडतो.

ओकशिवाय गत्यंतर नाहीं असें मात्र नव्हे. सिंहलद्वीपांत नारळाच्या ताडीपासून केलेला अरक हल्मिल्ला नांवाच्या लाकडाच्या मोठ्या भांड्यांत मुरवितात; जावा बेटांत त्याच कामास सागवान वापरलें गेलें; ब्राझिलांतील उसाच्या मद्यासाठीं तेथील रानांतील अनेक जातींचीं लाकडें चालतात. जेथें जें घट्ट, तेथें तें निवडलें. त्या त्या लाकडाची चव मागाहून त्या त्या देशाची आवड झाली.

ओकच्या अरण्यांचा इतिहासहि मजेदार आहे. फ्रान्समध्यें चौदाव्या लुईचा प्रधान कोल्बेर यानें १६६९ सालीं अरण्यांचा कायदा केला आणि मध्य फ्रान्समधील ट्राँसे येथील वृक्षांस संरक्षण दिलें. हेतु मद्याचा नव्हता, आरमाराचा होता. लढाऊ गलबतास हजारों ओक लागत व झाड वाढावयास दीडशें ते दोनशें वर्षें. इतक्या दूरच्या गलबतांची तजवीज करणारा हा मुत्सद्दी धन्य होय. पण झाडें तोडणीस आलीं तोंवर, १८५९ सालीं, फ्रान्सनेंच लोखंडी चिलखताची युद्धनौका समुद्रांत सोडली. आरमारासाठीं राखलेला ओक पिंपें बांधणाऱ्यांच्या वाट्यास गेला. ट्राँसेचीं झाडें दाटींत हळूहळू वाढत असल्यामुळें त्यांचे वार्षिक थर बारीक असतात आणि लाकूड सौम्य. लिमूझँ प्रांतांतील मोकळ्या जागीं वाढलेल्या ओकचे थर जाड व तुरटपणा अधिक. कोन्याक येथील गाळणारे दोहोंतील फरक ओळखून आपापल्या मद्याप्रमाणें निवड करतात. इंग्रजांनाहि नेपोलियनशीं झालेल्या युद्धांत ओकची टंचाई भासली होती, पण त्यांच्या हातीं मलबारचा साग होता. त्याच सागाचें 'ट्रिंकोमाली' हें लढाऊ गलबत मुंबईच्या गोदींत वाडियांनीं १८१७ सालीं बांधलें. तें इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरांत अद्याप तरंगत आहे.

फळी फोडली म्हणजे लाकूड तयार झालें असें नाहीं. हिरव्या फळींत पाणी असतें, आणि जीभ आंखडून टाकणारा तुरट रसहि असतो. म्हणून फळ्यांच्या मोकळ्या चळती रचून त्या उन्हापावसांत ठेवतात. दर सेंटीमीटर जाडीस एक वर्ष, असा जुना हिशेब. पिंपाची फळी तीन सेंटीमीटरांच्या आंतबाहेर असल्यामुळें सुमारें तीन वर्षें. पावसानें तुरटपणा धुपून जातो, चळतीखालीं काळें पाणी सांचतें, लाकडावर सूक्ष्म बुरशी येऊन ती आंतले कडू पदार्थ फोडते. बाहेरून फळी राखट व जुनाट दिसूं लागते. भट्टींत वाळवून हेंच काम थोड्या दिवसांत उरकतां येतें आणि पुष्कळ कारखाने तसें करतात. मात्र त्यानें पाणी जातें, कडूपणा जात नाहीं. घाई करणारास येथेंहि तोटाच.

पिंप बांधणारास इंग्रजींत कूपर म्हणतात. मुंबईकरांस हा शब्द आडनांव म्हणूनच अधिक परिचित. या कारागिराच्या कामांत खिळा नाहीं, सरस नाहीं, आणि बहुतेक मापहि नाहीं. फळी दोन्ही टोंकांस निमुळती व मधें रुंद तासावयाची, तिच्या कडांना असा कल द्यावयाचा कीं पंचवीस-तीस फळ्या वर्तुळांत उभ्या केल्यावर केंसभर फट राहूं नये. आणि हें सगळें डोळ्याच्या अदमासानें. फळ्या एका टोंकास कड्यांत उभ्या केल्या म्हणजे खालून आंत विस्तव पेटवितात, बाहेरून पाणी मारतात, आणि लाकूड नरमलें कीं दुसरें टोंक आवळून कडें ठोकतात. मग बुडाच्या फळ्यांसाठीं आंतल्या बाजूस खांच पाडावयाची. सांध्यांत लव्हाळ्याचीं सुकलेलीं पानें दाबावयाचीं. पुढें मद्य भरल्यावर लाकूड फुगतें आणि सांधे आपोआप आवळतात. उमेदवारीचीं वर्षें संपलीं म्हणजे नव्या कूपरला त्याचे सोबती त्यानेंच बांधलेल्या पिंपांत घालीत, वरून काजळी, भुसा व असतील नसतील तीं पाणीं ओतीत आणि पिंपासकट अंगणांत लोळवीत. पदवीदानाचे समारंभ पुष्कळ असतात, पण विद्यार्थ्याच्या कामाची इतकी प्रत्यक्ष परीक्षा त्यांत क्वचितच होत असेल.

विस्तव प्रथम आला तो लाकूड वांकविण्यासाठीं. त्यानें चवहि बदलते हें मागाहून कळलें. फ्रान्समध्यें मंद विस्तवावर पिंपाचा आंतला भाग बराच वेळ भाजतात. अमेरिकेंत ज्वाळा सोडून मिनिटाच्या आंत त्याचा कोळसा करतात. रसायनशास्त्रानें याचीं कारणें फार उशिरां सांगितलीं. लाकडास ताठपणा देणारें लिग्निन नांवाचें द्रव्य उष्णतेनें फुटतें आणि त्यांतून व्हॅनिला शेंगेचा जो सुगंधी अंश तोच निघतो. लाकडांतील शर्करामय द्रव्यें करपून पाकासारखा रंग व गोडी येते. अमेरिकन ओकमध्यें ओल्या नारळाच्या वासाचा एक पदार्थ विशेष असतो. वरचा कोळसा नव्या मद्यांतील गंधकाचा कुबट वास शोषून घेतो. आणि या सर्वांहून सावकाश चालणारी क्रिया म्हणजे लाकडाचें श्वसन. पिंप गळत नाहीं, पण अगदीं निर्वातहि नसतें. हवा अणुरेणूनें आंत जाते, बाष्प बाहेर येतें. स्कॉटलंडांत दर वर्षीं शेंकडा सुमारें २ भाग मद्य असें उडून जातें. तेथील लोक त्यास देवदूतांचा वाटा म्हणतात. तेथील दमट हवेंत मद्याची तीव्रता वर्षानुवर्षें घटते, तर अमेरिकेंतील केंटकीच्या गरम कोठारांत पाणी अधिक उडून तीव्रता उलट वाढते.

येथें लहान पिंपाचा प्रश्न येतो. दोनशें लिटरांच्या पिंपाऐवजीं पंचवीस लिटरांचें घेतलें तर दर लिटरास लाकडाचा स्पर्श दुप्पट होतो. रंग व तुरटपणा झपाट्यानें उतरतो, पण हवेचें सावकाश काम तितक्या झपाट्यानें होत नाहीं; मद्यास लाकडाचा वास येतो, मुरल्याची चव येत नाहीं. तट्टाच्या पाठीवर बसणारें पिंप लहानच असावयाचें. म्हणजे डोंगरी भट्टीवाल्यानें माल राखून ठेवला असता तरी त्याचें पिंप त्याला मोठ्या तळघराची बरोबरी करूं देतें ना.

शिवाय नवें पिंप घेण्याची ऐपत कोणाची? स्कॉटलंडांत उत्तम ओक थोडा. बाल्टिक समुद्रावरून फळ्या येत त्या बहुतेक बीअरच्या पिंपांस जात. व्हिस्की भरली जाई ती दुसऱ्याच कशाच्या तरी रिकाम्या पिंपांत. इंग्लंडांत स्पेनची शेरी पिंपांतून येई, लीथ व ब्रिस्टल बंदरांत बाटल्यांत भरली जाई, आणि रिकामें पिंप परत धाडणें महाग पडे म्हणून तेथेंच विकलें जाई. काटकसरी स्कॉच माणसानें तें घेतलें. लाकडांत मुरलेल्या शेरीनें व्हिस्कीस तांबूस रंग व सुक्या द्राक्षांची गोडी दिली. शेरीनें अगोदरच लाकडाचा ताठा उतरविला असल्यामुळें व्हिस्की वीस वर्षें राहिली तरी कडू होईना. जी केवळ भंगाराची खरेदी होती तीच पुढें उत्तमपणाची खूण ठरली.

भट्टीवाल्याचें काय झालें तें आतां सांगितलें पाहिजे. राजानें चोरटी व्हिस्की मागवून घेतल्याच्या दुसऱ्याच वर्षीं, १८२३ सालीं, नवा अबकारी कायदा झाला. वर्षास दहा पौंड परवाना आणि गॅलनमागें बेताचा कर. अट एवढीच कीं भट्टी ४० गॅलनांहून लहान नसावी. १८२४ सालीं ग्लेनलिव्हेट खोऱ्यांतील जॉर्ज स्मिथ यानें प्रथम परवाना काढला. शेजाऱ्यांना हा विश्वासघात वाटला. भट्टीसकट जाळून टाकूं, अशा धमक्या त्याला आल्या. ॲबरलूरच्या जमीनदारानें दिलेलीं दोन पिस्तुलें कमरेस लावून त्याला कित्येक वर्षें वावरावें लागलें. शेजाऱ्यांचा राग वावगा होता असें म्हणवत नाहीं. झोंपडींतील भांडें चाळीस गॅलनांचें नव्हतें, आणि दहा पौंड ही रक्कम खंडासाठीं गाळणाऱ्याच्या आवाक्यांतली नव्हती. या व पुढच्या कायद्यांनीं कर भरण्यापूर्वीं मद्य सरकारी कुलपाखालीं कोठारांत ठेवण्याची सवलत मिळाली. थांबण्याची ही सवलत ज्याच्याजवळ भांडवल होतें त्याच्या कामास आली. लाकडाचा जो लाभ पूर्वीं जमीनदाराच्या तळघरास मिळे तो आतां कारखान्याच्या कोठारास मिळूं लागला. झोंपडीस तो पूर्वींहि मिळाला नव्हता व पुढेंहि मिळाला नाहीं.

असाच प्रकार पुढें मुंबई इलाख्यांतहि झाला. १८७८ च्या अबकारी कायद्यानें गांवोगांवच्या लहान भट्ट्या मोडून गाळप मोठ्या सरकारी देखरेखीच्या कारखान्यांत नेण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि १८९२ च्या मोहफुलांच्या कायद्यानें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत मोहाचीं फुलें बाळगण्यावरहि निर्बंध आले. फुलें वेंचणाऱ्या कातकरी-ठाकरांची दारू मडक्यांत तयार होई व ताजीच संपे. तिला पिंप कधीं भेटलें नाहीं. १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्यानें महाराष्ट्रांत घरीं दारू गाळणें सर्वांसच मना आहे. मोहाच्या मद्याला ओक मानवला असता कीं नाहीं हें ठरविण्याइतका अवकाश त्या लोकांना कोणत्याच राजवटींत मिळाला नाहीं.

स्कॉटलंडांत १९१५ पर्यंत व्हिस्की किती दिवस लाकडांत ठेवावी याचा कायदा नव्हता. पहिल्या महायुद्धांत दारूगोळ्याच्या कारखान्यांतील मजूर पिऊन कामास चुकतात या समजुतीनें लॉइड जॉर्ज मद्यावर कडक उपाय योजण्याच्या विचारांत होता. त्यांतून निघाला तो कच्च्या मद्याचा कायदा: प्रथम दोन वर्षें व लौकरच तीन वर्षें मद्य कोठारांत राहिल्याशिवाय विकूं नये. लोकांनीं कमी प्यावें म्हणून केलेल्या या नियमानें व्हिस्कीची प्रतिष्ठाच वाढली. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेनें आपल्या बर्बन व्हिस्कीस प्रत्येक वेळीं नवें, आंतून जाळलेलें ओकचें पिंप सक्तीचें केलें. तेथें एकदां वापरलेलें पिंप निरुपयोगी झालें आणि जहाजें भरभरून स्कॉटलंडास जाऊं लागलें. आज तेथील बहुतेक व्हिस्की याच पिंपांत मुरते. १९८० नंतर शेरी पिंपांतून पाठविणें बंद पडलें, तेव्हां स्पेनमध्यें नवीं पिंपें बांधून त्यांत वर्ष-दोन वर्षें मुद्दाम शेरी भरून ठेवण्याचा धंदा निघाला. ती शेरी बहुधा पिण्यासाठीं नसतेच, लाकूड संस्कारित करण्यापुरती असते. २००९ च्या नियमांप्रमाणें स्कॉच म्हणविणाऱ्या व्हिस्कीस ७०० लिटरांहून मोठें नसलेलें ओकचेंच पिंप व निदान तीन वर्षें लागतात.

जॉन पीटर ग्रँट कर्जानें गांजलेले होते. १८२७ सालीं सहकुटुंब निघून ते मुंबईस आले. १८२८ सालीं त्यांचे दोन्ही सहकारी न्यायमूर्ती वारले आणि सुप्रीम कोर्टांत ते एकटे उरले. पुण्यांतील मोरो रघुनाथ या मुलास कोर्टापुढें हजर करण्याचा हुकूम त्यांनीं काढला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें तो बजावूं दिला नाहीं. तेव्हां १८२९ च्या एप्रिलांत ग्रँटसाहेबांनीं कोर्टच बंद करून टाकलें. विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलानें मुंबई बेटाबाहेरील अशा हुकुमास त्यांचा अधिकार नाहीं असा निर्णय दिला. त्याच सालीं एलिझाबेथचा विवाह मुंबईंतच कर्नल हेन्री स्मिथ यांच्याशीं झाला, व ती पुढें आयर्लंडांत राहिली. तिच्या आठवणी ती १८८५ सालीं वारल्यानंतर, १८९८ मध्यें, प्रसिद्ध झाल्या. राजा कोणता, कारभारी कोणता, पक्षी किती जोड्या, नेमणूक कोठली, हें सर्व त्यांत नांवनिशीवार आहे. ती व्हिस्की कोणी गाळली आणि तिचें पिंप कोणी बांधलें, तीं नांवें त्यांत नाहींत.